पुढच्या शिफ्टला सांगून जा

स्वतःच्या मनाची इतकी चोख आणि इतकी बिनलाजी खबर ठेवणारा माणूस खोपोलीपासून उरणपर्यंत दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट इनचार्ज होते. निवृत्त झाले, पण शिफ्ट काही सुटली नाही. कारखान्यात एक शिफ्ट घरी जाताना दुसरीला 'चार्ज' देते. म्हणजे कुठलं मशीन कुरकुरतंय, कुठे वाफ गळतेय, ते सगळं सांगून मगच गेटबाहेर पडायचं. काकांनी हा नियम स्वतःच्या मनाला लावला होता. काकू शाळेत शिकवून परतल्या, की त्यांनी चप्पल काढायच्या आत काका दारात उभे राहून चार्ज देत, "सकाळपासून चिडचिड आहे. कारण सापडलं नाही. दुपारी जरा उतरली होती. चालू आहे, लक्ष ठेवा." काकू "बरं" म्हणत आणि चहा टाकायला जात. दुसऱ्या घरात एवढ्यावर आठवडाभर अबोला झाला असता.

बरं, हे घरापुरतं राहिलं असतं तर ठीक. सोसायटीच्या सभेत पाण्यावरून हमरीतुमरी चालली असताना हा गृहस्थ उठला आणि म्हणाला, की मला सेक्रेटरींचा हेवा वाटतो, कारण त्यांच्या नळाला पाणी आधी येतं. एवढीच नोंद घ्यावी. आणि बसला. सेक्रेटरी असे गोरेमोरे झाले, की भांडण कुठवर आलं होतं तेच कोणाला आठवेना. मुलीच्या पाठवणीच्या वेळी तर कमालच केली. व्याह्यांचा हात हातात घेऊन त्यांना शांतपणे सांगितलं, की मला तुमचा थोडा राग येतोय, तुमची चूक काही नाही, दोन-चार महिने राहील. व्याही आधी घाबरले, मग त्यांनी काकांना मिठीच मारली, आणि दोघं मांडवाच्या खांबाशी यथेच्छ रडले. उरणहून टोपली घेऊन दारावर येणाऱ्या कोळीणबाईंनाही ही लागण झाली. एका सकाळी त्या टोपली उतरवतानाच म्हणाल्या, "काका, आज राग हाय. कोनावर ते ठाव नाय. भाव करू नका." काकांनी खरंच भाव केला नाही. पापलेट मात्र निवडून घेतलं.

मी या सगळ्याला हसायचो. माणसानं चारचौघांत जरा झाकून वागावं, असं माझं ठाम मत होतं.

मग माझे वडील गेले. अर्धांगवायूनं सहा वर्षं अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं आई आणि मी आळीपाळीनं करायचो; मी न्हावा शेव्याहून कामावरून आलो, की ती पाठ टेकायची. ते गेल्यावर पाचव्या दिवशी आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं, की मी गुणगुणतोय. मला हलकं वाटत होतं. स्वतःची अशी शिसारी मला कधी आली नव्हती. भेटायला येणारा प्रत्येक जण मुलगा असावा तर असा म्हणायचा आणि मी आणखी आत जायचो. आईला कळलं तर तिला काय वाटेल, या धास्तीनं मी तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवणही वेगळं. नातेवाईक म्हणाले, पोरगा दुःखानं खचलाय.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं काकांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "चार्ज दे."

मी म्हटलं, सगळं ठीक आहे. 'सगळं ठीक' म्हणणाऱ्याकडून मी कधी शिफ्ट घेतली नाही, असं म्हणून ते पायरीवरच बसले. उठायचं लक्षण दिसेना, तेव्हा मी चिडून बोलून गेलो, "बाबा गेले आणि मला सुटल्यासारखं वाटतंय."

पंप नंबर तीन आवाज करतोय म्हटल्यावर डोलवावी तशी त्यांनी मान डोलावली. "आणि?"

"आणि त्यांची फार आठवण येते."

"मग दोन्ही चालू आहेत. एक लिहिलं म्हणून दुसरं खोडायचं नसतं." गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "पण हे मला सांगून उपयोग नाही. तुझी पुढची शिफ्ट वर बसली आहे."

वर आई मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच अशी वाईट." आणि रडायला लागली. मीही रडलो, आणि रडता रडता इतकं मोकळं वाटलं, की भूक लागली.

त्याच संध्याकाळी आम्ही तलावापर्यंत फिरून यायचं ठरवलं, तर कुलूप सापडेना. सहा वर्षांत आम्ही दोघं एकत्र घराबाहेर पडलोच नव्हतो, त्यामुळे दाराला ते लागलंच नव्हतं. शेवटी देव्हाऱ्याच्या खणात मिळालं. जिना उतरताना आई सवयीनं म्हणाली, लवकर परत येऊ हं. मी हो म्हटलं. खाली काका इमारतीच्या दारात उभे होते. आम्हाला पाहून ते बाजूला झाले.

तलावाच्या कट्ट्यावर आम्ही खूप वेळ बसलो. घरी वाट पाहणारं कोणी नाही, हे मध्येच दोघांनाही आठवायचं, आणि मग आम्ही आणखी थोडा वेळ बसायचो.