शिवारातली मोकळी जागा

सिद्धलिंगप्पांनी उभ्या जन्मात लोकांना एकच सल्ला दिला: मोजून घ्या. भावाभावांत बांधावरून हमरीतुमरी झाली, मोजून घ्या. शेजाऱ्याचा नांगर चार बोटं आत आला, मोजून घ्या. आधी मोजणीची साखळी ओढत आणि पुढे दुर्बीण खांद्यावर टाकून त्यांनी अक्कलकोटकडची गावंच्या गावं पालथी घातली. आता गुडघे कुरकुरू लागले, खासगी मोजणीचा धंदा आवरायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच तो सल्ला त्यांच्याच घरात उलटून आला.

"बाबा, तुमचा हात चालतोय तोवर गावाकडचं आपलंही मोजून टाका," मुलगा विरेश म्हणाला. "काकांचं काकांना, आपलं आपल्याला."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. गावची जमीन दोघा भावांच्या नावावर सामाईक. धाकटा चनबसप्पा ती कसायचा आणि सुगी झाली की ज्वारी-तुरीची पोती सोलापूरला आणून टाकायचा. किती पिकलं, किती ठेवलं, हे सिद्धलिंगप्पांनी कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. पण जगाला सांगितलेलं शहाणपण घरात नको, असं मुलाला कुठल्या तोंडानं म्हणणार? रविवारी भावाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत डोक्याला दुसरा उद्योग हवा, म्हणून त्यांनी सकाळीच माळ्यावरचे जुने कागद खाली काढायला घेतले.

"ही सवत एकदाची जाऊ दे घरातून," त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई कागदांवरची धूळ पदरानं झटकत म्हणाल्या. "मी आले तेव्हापासून निम्मं घर तिचंच."

बाकीचे गठ्ठे रद्दीवाल्यासाठी दाराशी लागले. स्वतःच्या गावाचा गठ्ठा मात्र सिद्धलिंगप्पांनी गच्चीवर नेला. निदान एकदा डोळ्यांखालून घालू, एवढाच विचार. त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक नकाशा एकाच मोठ्या मापात काढायचा, सतरंजीएवढा, म्हणजे भांडणारे चारचौघं भोवती बसले तरी म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय दिसावा. सोबतचे मोजणीवाले हसायचे, कागद काय फुकट मिळतो का विचारायचे. आणि चारही कडांना लगतच्या मालकाचं नाव लिहायचं, हे तर धंद्यातलं साधंच काम.

त्यांनी एक नकाशा पसरला, कडांना फरशीचे तुकडे ठेवले. पूर्वेला नाव बिरप्पाचं. हाताला आलेला पुढचाच कागद बिरप्पाचा निघाला. गंमत म्हणून तो त्याला लावून ठेवला, तर बांधाला बांध जुळला. पहिली मोजणी त्यांच्या भर ज्वानीतली, दुसरी परवाची म्हणावी अशी. या दोघा मालकांनी एकमेकांवर कुऱ्हाडी उगारल्या होत्या, आणि इथं त्यांची रेघ एकच होती. मग सिद्धलिंगप्पांना चैन पडेना. कोऱ्या कडा दुमडत, लगतची नावं वाचत ते कागदाला कागद लावत सुटले.

नकाशांतला ओढा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी शिरला आणि कुणाकुणाच्या वावरांतून वळत थेट कठड्याला भिडला. आजवर त्यांनी तो तुकड्यातुकड्यानं मोजला होता, ज्याच्या हद्दीत असेल तेवढाच. सबंध ओढा त्यांना आज दिसला. अख्खं शिवार पायाशी पडलं होतं, एवढं मोठं, एवढं सलग! त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

मधोमध तेवढी एक जागा उघडी राहिली होती. त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला, खाली पडलाय का पाहिलं. कागद नव्हताच. त्या जागेच्या चारी बाजूंच्या नकाशांवर, आतल्या कडेला, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: लगत, सिद्धलिंगप्पा व चनबसप्पा.

जिथं कागद, तिथं कधीतरी भांडण झालेलं होतं. ते कठड्यावर बसले.

चनबसप्पा आला तो पिशवीभर शेंगा घेऊन, पण चेहरा उतरलेला. मागोमाग विरेश.

"अण्णा, पाय कुटं ठिवू? सगळीकडं कागूदच की."

"मदी ये. ती मोकळी जागा हाय न्हवं, तितं."

चप्पल काढून, बांधावरून चालावं तसा कागदांच्या कडाकडांनी तो मधे जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "पोरानं फोनवर सांगितलंय मला. मोजायचं म्हनतोस तर मोज. तुजा हात हाय. मला बगायलाबी यायचं न्हाय."

चनबसप्पाची नजर एव्हाना खाली फिरू लागली होती. ओढा त्यानं ओळखला, बिरप्पाची विहीर ओळखली, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"आरं तिच्या! गावच हाय की ह्ये! मग आपलं कुटं हाय, अण्णा?"

"तू उबा हायस त्ये."

त्यानं पायांखाली पाहिलं. "हितं तर कायबी न्हाय."

"न्हायच. आपल्याकडं मोजायला कुणी बोलावलंच न्हाय मला."

मग सिद्धलिंगप्पा जिन्याकडं वळले. "विरेश, मी हाय तोवर मोजणीचा विषय काढू नगंस. जा, चा आन वर."

विरेश गेला. गुडघ्यांवर हात टेकत ते कडाकडांनी भावाकडं निघाले. चनबसप्पा खाली बसला होता. त्यांना येताना पाहून तो थोडा सरकला.

"ये की," तो म्हणाला. "दोगांपुरतं हाय."