कोरड्या तोंडानं जॅकवेलमध्ये

आमच्यात पाण्यात उतरायच्या आधी पाणी पीत नाहीत. वडील विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचे, मीही जन्मभर तेच केलं. काठावर चूळ भरायची, थुंकायची आणि बुडी मारायची. पोट भरलेलं असलं की दम टिकत नाही, असं वडील सांगायचे. एका दमात खाली जाऊन वर यायचं असतं तेव्हा ते खरंच होतं.

मग पोरगा सुट्टीवर आला. तो फौजेत आहे. मालवणला जाऊन पाठीवर टाकी बांधून पाण्यात राहायचं शिकला, एक जुना संच घेऊन आला आणि मलाही शिकवलं. मी चौथीतनं शाळा सोडलेली, पण हवेचा काटा वाचायला मला वेळ लागला नाही. परत निघताना मात्र तो माझ्याशी नाही, त्याच्या बायकोशी बोलला.

"टाकीतली हवा लय कोरडी असती. आबांनी पाणी पिल्याशिवाय तू त्यांचा दोर धरायचा न्हाई."

तेव्हापासून माझा दोर सून धरते.

यंदा उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका गावातनं बोलावणं आलं. जॅकवेलची जाळी तुंबली होती. जॅकवेल म्हणजे कृष्णेच्या काठाला बांधलेली सिमेंटची खोल विहीर. नदीचं पाणी जाळीतनं तिच्यात येतं आणि तिथनं मोटारी ते वरच्या शिवारात चढवतात. मोटारी बंद, ऊस पिवळा पडायला लागलेला. निम्मं गाव कठड्याला टेकून उभं होतं. मोटारींचे फ्यूज काढून सुनेनं आपल्या पिशवीत ठेवले. मी रबरी सूट चढवला आणि उन्हात अंगाला घामाच्या धारा लागल्या.

तिनं तांब्या पुढं केला. "मामा, प्या."

"आमच्यात पीत न्हाईत."

"आवं, ते बुडी मारणाऱ्याचं. तुमी किती वेळ खाली असताय!"

"तू दोर धर."

"तांब्या रिकामा झाल्याबगर न्हाई धरायची."

"घ्या की आबा," मागनं कुणीतरी म्हणालं, "सासूपेक्षा सून कडक दिसती!" सगळे हसले.

खरं कारण तिला कसं सांगणार? या वयात प्यालेलं पाणी थांबत नाही, घडीघडी लघवीला जावं लागतं. तो सूट उतरवायचा तर दोन माणसं लागतात, आणि इथं गाव बघायला उभं. वडिलांची रीत पुढं केली की पुढचं बोलावं लागत नसे. सकाळपासून मी चहासुद्धा टाळला होता.

मी तांब्या घेतला, पाठ फिरवली, चूळ भरून कठड्यावर थुंकली, उरलेलं मानेवर ओतलं आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. तिनं कठड्याकडं बघितलं. दोर माझ्या कमरेला बांधला आणि गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. एक हिसका म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ.

चार पुरुष खोल पाणी असेल. तळाला हात दिसत नव्हता. जाळीला गाळ, प्लास्टिक, जलपर्णीची मुळं. चाचपत निम्मी जाळी मोकळी केली. तोवर जीभ टाळूला चिकटली होती. गिळायला गेलं तर घशात काहीच नाही. डोकं ठणकायला लागलं. मग उजव्या पोटरीत गोळा आला, आणि तो चोळायला वाकलो तर डाव्या.

वरनं एक हिसका आला. बरा हाय का, म्हणून ती विचारत होती. मी एक हिसका दिला. बादलीसारखा ओढून काढला तर उद्यापासून मला कोण बोलावणार? माझं पाण्यात उतरणं तिथंच संपलं असतं.

गोळा मांडीत चढला. पाय लाकडासारखे ताठ. एका हातानं जाळीची सळई धरून लोंबत होतो आणि श्वास भसाभसा चाललेला. काटा डोळ्यापाशी आणला. लालात चालला होता. मग मात्र दोराला हात घातला. एक. दोन. तिसऱ्याला बोटंच आवळून बसली. दोन हिसके. म्हणजे मी तिला दोर सोडायला सांगितलं होतं.

दोर सुटला नाही. ताठ झाला. हळूहळू मी वर निघालो, पोरानं शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत. पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा ती मागच्या माणसांवर ओरडत होती, "हळू! हिसडू नका!"

सावलीत पडल्यावर मी विचारलं, "मी दोनच हिसके दिले होते."

"व्हय."

"मग दोर वढलास कसा?"

"कठडा वला दिसला मला. तुमी प्याला न्हाईसा, ते ठावं होतं. हातापायांत गोळं आलं असणार म्हणून वढला."

"ठावं होतं तर दोर कशाला धरलास?"

"तुमी काय थांबणार व्हता? दुसऱ्यानं धरला असता तर दोन हिसक्यांवर सोडला असता."

तिनं भरलेला तांब्या माझ्यापुढं ठेवला, नदीकडं तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "सूट घरी मीच धुते, मामा. पाण्यानं धुतला की झालं."

तांब्या मी सगळ्यांसमोर संपवला आणि दुसरा मागून घेतला.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी परत पाणी प्यालो, दुसरी भरलेली टाकी बांधून उतरलो आणि उरलेली जाळी मोकळी केली. मोटारी सुरू झाल्या. दोर तिच्याच हातात होता.

चूळ मी अजूनही भरतो. प्यायच्या आधी.