कात्रीवर चालणारी जीभ

गल्लीत त्याला सगळे वकील म्हणत. केस त्याच्याकडेही येत, पण डोक्यावरचे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि अखंड चालणारा तोंडाचा पट्टा, एवढं त्याचं दुकान. कात्री केसांना एकदा लागे आणि हवेत चारदा नुसतीच कचकच करी. त्या चार कचकचींवर त्याचं एक वाक्य बसलेलं असे. नळाला पाणी का येत नाही, जावयाशी कसं वागावं, गुडघ्याला काय चोळावं, कुठल्याच विषयात त्याचं अडत नसे. गिऱ्हाईक गळ्याशी कापड बांधून बसलेलं आणि वस्तरा याच्या हातात. त्यामुळे तीस वर्षांत कोणी त्याचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं. याला तो आपलं वक्तृत्व समजे.

म्हणून घरमालकाने इमारत पडायला आल्याचं सांगून तळमजल्यावरचे पाचही गाळे रिकामे करून मागितले, तेव्हा गाळेवाल्यांनी खरा वकील केलाच नाही. घरचा असताना बाहेरचा कशाला, असं शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. गाळे गेले तर पाच घरांच्या चुली विझणार होत्या. सुनावणीत सगळ्यांच्या वतीने यानेच बोलायचं ठरलं. याने ऐटीत मान डोलावली आणि सुनावणीला पंधरा दिवस असताना दुकानातला दिवा बदलायला स्टुलावर चढून उजवं मनगट मोडून घेतलं.

हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि त्याच्यामागोमाग जीभही गेली. "साहेब, आमचं म्हणणं असं की..." एवढ्यावर गाडी अडे. बायकोला आधी वाटलं, नाटक आहे. चार दिवस घर शांत राहिल्यावर नाटक असलं तरी हरकत नाही, असं तिला वाटू लागलं.

हाडांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मेंदूत हात हलवणारी आणि तोंड हलवणारी जागा शेजारी शेजारी असतात, म्हणाले. बोलताना माणसाचे हात उगाच हलत नाहीत. शब्द सापडायला त्यांची मदत होते. हात अडकला म्हणून कोणी मुका होत नाही, फार तर अडखळतो.

"तुम्ही मात्र तीस वर्षं जिभेला कात्रीची सवय लावलीत," ते म्हणाले.

मग डावा हात चालेल का, असं त्याने खुणेनेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, करून बघा.

केलं. पण कात्री उजव्या हाताची. डाव्यात ती ना कापे ना कचकचे, नुसती केस चावे. तरी सुनावणीच्या दिवशी त्याने ती खिशात घातली. कचेरीच्या दारावर पहारेकऱ्याने ती काढून घेतली.

मालकाचा वकील पाऊण तास बोलला, आणि तेही दोन्ही हातांनी. इमारत पडायला आली म्हणताना हात खाली येत, जागेचं मोल सांगताना वर जात. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं आणि गाळेवाल्यांच्या वतीने कोण बोलणार, असं विचारलं.

गल्लीतला वकील उठला. "साहेब..." म्हणाला आणि थांबला. इस्त्रीवाल्याने मागून त्याचा सदरा ओढला.

"अरे वकिला, बोल की. एरवी तर थांबत नाहीस."

घाबरून त्याने डावा हात वर केला. पहिली दोन बोटं आपोआप कात्रीसारखी उघडमीट करू लागली. नजर अधिकाऱ्यांच्या कानांवर आलेल्या केसांवर गेली. बोटं चालली तशी जीभ सुटली. पण कात्रीबरोबर रोज जे वाक्य पहिलं यायचं, तेच आलं.

"साहेब, ठेवायचे की काढायचे?"

इस्त्रीवाल्याने डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्यांनी मात्र पेन खाली ठेवलं. "एवढं मुद्द्याचं या खोलीत कित्येक महिन्यांत कोणी बोललं नाही," ते मालकाच्या वकिलाला म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे. इमारत पडायला आल्याचा दाखला आणलाय?"

दाखला नव्हता.

"मग ठेवायचे."

आठवड्याने लेखी हुकूम आला. गाळे राहिले होते. खाली साच्यातली ओळ होती: गाळेधारकांच्या प्रतिनिधीचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले. प्लास्टर निघाल्यापासून वकील ती ओळ प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो आणि मग ते सविस्तर म्हणणं ऐकवतो. सध्या ते तासाभराचं झालं आहे. इस्त्रीवाल्याने दाढी वाढवली आहे.