सासुरवाडीचा मुका

"हात काढ! हात काढ म्हणतो ना, महारड्या!"

मालक असा ओरडला की मनमाडकडं निघालेली गाडी परत फलाटावर आली. परभणीच्या ठेसणासमोरचं चहाचं हॉटेल. माझं काम परसात लाकडं फोडायचं आणि भिंतीच्या भोकातून भट्टीत सारायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. त्या दिवशी आचारी तंबाखू थुंकायला गेला आणि दूध उतू चाललं. मी धावलो. पातेलं खाली उतरवलं. एवढाच गुन्हा.

मला वाटलं, आता दूध गटारात जाईल. कुठलं! मालकानं वर गोमूत्र शिंपडलं आणि त्याच दुधाचा चहा दिवसभर पाजला. दूध शुद्ध झालं. मी मात्र दारातून बरखास्त.

मग काम मागत फिरलो. गंगाखेड, पालम, मानवत. दारं ठोठावून बोटांची हाडं झिजली. पण माझे पाय दोन आणि बातमीचे चारशे. हॉटेलवाले मला बघूनच रांजणावर झाकण ठेवायचे.

पाथरीला एक हॉटेलवाला भेटला. उद्या बाजार आणि त्याचा आचारी आजच पळालेला. मी जात सांगितली. मग भजी तळून दाखवली. भोकातून दहा वर्षं आचाऱ्याचा हात बघितलेला, तो वाया कसा जाईल? त्यानं एक भजं खाल्लं, दुसरं खाल्लं, मग दार लावून घेतलं.

"कपाळाला भस्म लाव," तो म्हणाला. "तू माझ्या सासुरवाडीचा. आन् मुका. तोंड उघडलंस की लोक गाव-कुळ इचारतेत."

मी, मुका! ज्याच्या गप्पा ऐकायला म्हारवाड्यातली कुत्री हाड टाकून येतात, तो! पण घरी चूल थंड होती. महिनाभर जीभ दाताखाली धरली. लोक भजी खायचे, बोटं चाटायचे, तेलकट मिशा पुसायचे. माझी मान खाली. मला त्यांची किळस यायची, आणि खरं सांगतो, त्यांच्याहून जास्त माझी.

एका बाजारी एक देशमुख आला. परातभर भजी खाल्ली. म्हणाला, "कोण रे तळणारा? बोलवा."

मालकानं मला पुढं केलं. "आमच्या हिचा चुलतभाऊ, सरकार. मुका हाय बिचारा."

"मुका बरा," देशमुख भजं चावत म्हणाला. "परभणीला म्हणे एक महारडा दुधात थुंकला. आसल्यांचे हात भट्टीत घालावेत."

सगळे हसले. माझा मालकही हसला. लय मोठ्यानं.

मी थापा मारतो, कबूल आहे. पण माझ्या थापेनं कुणाचं पोट मारलं नाही. ही थुंकल्याची थाप माझी भाकर खाऊन आता माझ्यासमोर ढेकर देत होती.

"थुंकलो न्हाई," मी म्हणालो. "पातेलं उतरवलं. आन् ही भजी बी मीच तळलीत."

देशमुखाचा घास गालातच राहिला. गिळावा तर बाटतो, थुंकावा तर चव जाते. बाकीच्यांनी ओकायला सुरुवात केली. पाथरीत त्या दिवशी पूर आला. घशात बोटं घालून ओकत होते. महिनाभर चाटलेलं एका दमात कसं निघणार?

मग मार पडला. तो किती, हे वाढवून सांगायची गरज नाही.

वेशीपाशी मालक मागून आला. धापा टाकत म्हणाला, "गप बसला असतास तर जन्म निघाला असता तुझा. आता काय करशील?"

"आदी जात सांगीन. मंग काम मागीन. समद्यांच्या म्होरं."

"कुणीच ठेवणार न्हाई तुला."

"नगा ठेवू."