जनीकाकीचा तलाव आणि हितेशची बादली

आमच्या खारेपाटात दारापुढे गाडी नसली तरी चालतं, पण घरामागे तलाव आणि तलावात जिताडा मासा हवाच. जनीकाकीचा तलाव तर नावाजलेला. नात राही कॉलेजात गेली तेव्हा काकीने त्यात जिताड्याची पिल्लं सोडली. आता ती चांगली हातभर झाली होती आणि राहीच्या लग्नात हळदीच्या जेवणाला शिजायची होती. शेजारीपाजारी जाळ्यात आलेली बारकी मासळी जिताड्यांना खायला आणून तलावात टाकत, आणि तलाव उपसला की टाकणाऱ्याच्या घरी वाटा जाई. वाटा देताना काकीचा हात सढळ, जीभ त्याहून सढळ.

पुतण्या हितेशने नाक्यावर रंगीत माशांचं दुकान काढलं, तेव्हा कालवणात न पडणारा मासा घेणार कोण, म्हणून तिने त्याची यथेच्छ टिंगल केली. गेल्या महिन्यात त्याच्या टाकीतले गुरामी मासे मलूल झाले. फुकट मरण्यापेक्षा जिताड्यांच्या पोटात जातील, आपलाही वाटा लागेल, असा विचार करून पठ्ठ्याने ते बादलीत भरून काकीच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी माशांच्या रोगांची जाणकार प्रणाली दुकानात आली. टाकीत मागे राहून मेलेला एक गुरामी पाहून ती म्हणाली, हा विषाणू असू शकतो. माणसाला त्याचं काही नाही, पण जिताड्यांना लागला तर औषध नाही, अख्खा तलाव हातचा जातो. हितेशचं धाबं दणाणलं. दुकान उघडं टाकून तो पळत सुटला, मागोमाग प्रणाली आणि गंमत बघायला मी.

काकी परसात पिंपापाशी बसली होती. मासे तलावात टाकायला ती गेली होती खरी, पण त्यांचे रंग पाहून तिचा हात पुढे होईना. म्हणून ते पिंपात सोडून सकाळपासून त्यांना भाताची शितं भरवत होती. हे ऐकून हितेश मटकन खाली बसला आणि रडता रडता हसायला लागला.

प्रणालीने समजावलं, पिंपातलं पाणी थेंबभरही तलावाकडे जाता कामा नये. बादली, पिंप ब्लीचिंग पावडरने धुवायचं आणि मासे मारून, चुना घालून लांब पुरायचे. राहीची हळद वाचली म्हणून आम्ही खूश, आणि काकी पदराने डोळे पुसतेय. जन्मभर विळीवर मासे कापलेली बाई! मी चिडवलं, जिताडे कापतानाही अशीच रडणार का?

"ते खावाला पोसलेत," काकी म्हणाली. "यांना मी नावं दिलीत."