गारांचा गोळा

मेहकरकडच्या आमच्या गावात बर्फ पडत नाही, गारा पडतात. आणि गारांचा गोळा माझ्याइतका चांगला कोणी करत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. करून पाहिलाय म्हणून सांगते.

त्या माघात सासऱ्यांच्या घशाच्या कॅन्सरला रेडिएशनचे शेक देऊन झाले होते. तोंड आतून पार फोडांनी भरलेलं. तीन दिवस पाण्याचा घोटही धड उतरला नव्हता. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासऱ्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि त्यांचं नाही म्हणजे नाहीच. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी आभाळ फाटलं. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे अंगणात विळा फेकला. लोखंड पडलं की गार थांबते म्हणतात. थांबली खरी, पण तोवर सोंगणीला आलेला हरभरा आडवा झाला होता. लाइट सकाळपासूनच गायब, फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मी पातेलं घेऊन बाहेर धावले.

"त्या गारा घरात आणू नको," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या तोंडचा घास नेला त्याईनं."

त्यांचं दुःख कळत होतं, तरी राग आलाच. हरभरा पुढच्या साली पेरता येईल, सासरे कुठून आणायचे? मी थांबले नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात गारा झटकन विसळल्या, धुतलेल्या फडक्यात बांधून वरवंट्यानं ठेचल्या, चुरा वाटीत दाबला नि वरून काकवी सोडली. लिंबाचा मोह आवरला. फोडांना झोंबलं असतं.

पहिला चमचा त्यांनी जिभेवर नुसता धरून ठेवला. डोळे मिटले. मग घसा हलला. मी दुसरा भरला, तिसरा भरला. वाटी संपली तेव्हा ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अजून दे."

पातेल्यात तर आता पाणीच उरलं होतं. मी वळले, तर दारात सासूबाई उभ्या. तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या ढिगाखालून वेचलेल्या गारांनी त्यांचा पदर भरला होता, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं होतं.

"विळा लय घाईनं फेकला म्या," त्या म्हणाल्या.