लाल फुली की हिरवी

काशीराम कोळी बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण तोवर चहाच्या टपरीवरच्या सगळ्या बाकांनी ते ऐकलं होतं.

"या शिमग्याला मडकं मी फोडनार. नाय फोडलं तर मला तांडेल म्हनू नका."

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या मंडळाने त्या सुमारास, म्हणजे दोन हजार बारा-तेराच्या आगेमागे, शिमग्याला छऱ्याच्या बंदुकीची स्पर्धा सुरू केली होती. खाडीच्या काठाला बांबूवर मडकं टांगायचं आणि धक्क्यावरून एकेकाने एकच छर्रा मारायचा. शिट्टी वाजेपर्यंत मारला नाही तर पाळी गेली. जो मडकं फोडेल तो दुसऱ्या दिवशी पालखीपुढे चालणार. वेळ ठेवली होती दिवस बुडायची, कारण त्याआधी मंडळी रंगातून आणि इतर पातळ पदार्थांतून मोकळी होत नसत.

हा मान लागोपाठ पटकावत आला होता पळस्प्याचा आनंदा. जमीन हायवेला लागून असल्यामुळे त्याच्याकडे गाडी उत्तम, बंदूक उत्तम आणि जीभ त्याहून उत्तम. काशीरामचं ते वाक्य ऐकल्यापासून त्याने वसुली आगाऊच सुरू केली. पूर्वी लांबूनच "तांडेल!" अशी हाळी घालणारा आनंदा आता अगदी गोड आवाजात म्हणायचा, "काय काशीराम, बरा हास ना?"

खरं सांगायचं तर काशीराम घाबरला होता. करंजा बंदरातल्या एका मोठ्या बोटीवर त्याने उभं आयुष्य तांडेलकी केली. बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, माघारी कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. मग गुडघ्यांनी दगा दिला, मालकाने बोट विकली आणि काशीराम घरी बसला. पाण्यावरचं त्याच्याकडे उरलं होतं ते एवढं एकच, लोकांच्या तोंडातलं ते नाव. बँकेत कुणी "काशीराम" म्हणून पुकारलं तर तो दुसऱ्या कुणाला बोलावतायत अशा समजुतीने बसून राहायचा.

मुलगा मिथुन जासईच्या कंटेनर यार्डात होता. बापाने शब्द टाकलाय म्हटल्यावर त्याने मुंबईहून बंदुकीवर बसवायची एक दुर्बीण आणली. आत डोळा लावला की बारीक फुली दिसायची आणि बाजूचं बटण फिरवलं की ती फुली पेटायची, एकदा फिरवलं की लाल, आणखी फिरवलं की हिरवी.

"लालच ठेवा, बाबा," मिथुन म्हणाला. "काळोख पडायला लागला का लाल झकास दिसतो. दुकानवाला पन तेच बोलला."

घरामागे मासळी वाळत घालायच्या मांडवाच्या खांबाला डबा बांधून सराव सुरू झाला. पहिला छर्रा डब्याच्या उजवीकडून गेला. दुसराही उजवीकडून. चार दिवसांत शेजारच्या मालूताईच्या मोरीच्या पत्र्याला, जी डब्याच्या उजव्या अंगाला होती, देवी आल्यासारखे खड्डे पडले.

मग सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं चष्मा बदला, कुणी म्हणालं हात कापतो, कुणी म्हणालं दुर्बीणच फसवी. मिथुनने बंदूक हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात डबा वाजवला. म्हणजे दुर्बीण चांगली होती. काशीराम रागाने जेवला नाही. म्हणजे थोडं कमी जेवला, कारण बोंबील ताजे होते.

जनी, त्याची बायको, हा सगळा तमाशा बोंबील उलटेपालटे करता करता बघत होती. पाचव्या दिवशी ती हात पुसत आली.

"तुमी बंदूक मारत नाय," ती म्हणाली. "तुमी सुकानू फिरवताय."

"काय बोलतंस?"

"रात्री समोर दुसरी बोट आली आन् तिचा लाल दिवा दिसला, तर काय करता तुमी?"

काशीरामने विचारसुद्धा केला नाही. "उजवीकडं घेतो. तिला वाट देतो."

"आन् हिरवा दिसला तर?"

"आपली वाट धरून चालतो."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, हे सगळे दर्यावर्दी जाणतात. पण वर्षानुवर्षं रात्रीच्या काळोखात लाल ठिपका दिसला की काशीरामचे हात त्याला न विचारताच उजवीकडे वळत आले होते. आता ते दुर्बिणीतल्या लाल फुलीलाही इमानेइतबारे वाट देत होते. मिथुन हसून हसून खाली बसला. काशीराम मात्र हसला नाही. त्याने बटण फिरवून फुली हिरवी केली आणि डब्याचा पार चेंदामेंदा करून टाकला. मालूताईने त्या दिवसापासून मोरी पुन्हा वापरायला घेतली.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी धक्का माणसांनी भरला. भरती चढत होती. आधीच्या सगळ्यांचे छर्रे खाडीला अर्पण झाले. मडकं शाबूत होतं आणि उरले होते फक्त काशीराम आणि त्याच्यानंतर आनंदा.

"ये काशीराम," आनंदा म्हणाला.

काशीरामने डोळा लावला. हिरवी फुली मडक्याच्या पोटावर येऊन बसली, हात दगडासारखे स्थिर होते. मडकं आता फुटल्यातच जमा होतं. तेवढ्यात मडक्यामागे, पाण्यावर, एक लाल ठिपका सरकताना दिसला. बटण हललं की काय म्हणून त्याने पाहिलं, पण फुली हिरवीच होती.

त्याने बंदूक खाली घेतली.

"मारा ना बाबा," मिथुन ओरडला. "शिट्टी होईल."

"बोट हाय मागं."

कुणालाच काही दिसत नव्हतं. शिट्टी वाजली. मंडळाच्या पोरांनी पाळी गेल्याचं सांगितलं, मागून कुणीतरी खिदळलं, आणि काशीराम बंदूक बगलेत धरून मुकाट बाजूला झाला. मिथुनने मान दुसरीकडे वळवली.

मग इंजिनाचा आवाज आला. बांबूच्या मागून एक मचवा संथपणे पुढे आला. शिमग्याला माहेरी निघालेल्या बाया, मांडीवर पेंगलेली पोरं, सगळी रंगलेली. कुणीतरी धक्क्याकडे बघून हात हलवला.

आनंदाने आपली बंदूक उचलली, नेम धरला. मडकं समोर होतं, मान समोर होता. पण त्याने चाप ओढला नाही. नेम तसाच ठेवून तो म्हणाला,

"तांडेल, वाट मोकली झाली का?"

काशीरामने खाडीवर लांबवर नजर फिरवली. मचवा वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत त्याने सगळ्यांना थांबवून ठेवलं.

"झाली," तो म्हणाला. "हान आता."